गडग्यापलीकडचा वारा

गडग्यापाशी आल्यावर भाऊ थांबले. खांद्यावरचा लोखंडी पाइप त्यांनी कातळावर आडवा ठेवला, टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "झालं, बाई. सडा हितं संपला."

सडा, म्हणजे ते उघडं कातळाचं पठार, तिथं संपत नव्हता, हे मला दिसत होतं. कंबरेएवढ्या उंचीच्या चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे तोच काळा कातळ पुढे जात होता आणि मग एकदम समुद्रावर तुटत होता. त्या टोकाला एक कौलारू घर होतं. बाजूला विहीर आणि काजूची काही झाडं.

"पलीकडे मोजायला हवं," मी म्हटलं. "समुद्राकडची धार तीच आहे."

"तिकडे वारा नाय."

"भाऊ, ते झाड बघा."

काजूंच्या पुढे भेंडीचं एकटं झाड होतं, भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढते ती उंच भेंडी. त्याच्या सगळ्या फांद्या पूर्वेला गेलेल्या, कुणीतरी केस मागे विंचरून ठेवल्यासारख्या. झाड तसं वाढायचं तर त्याला वर्षानुवर्षं एकाच बाजूने वारा लागावा लागतो. आदल्या दोन दिवसांत सड्यावर फिरताना असं झाड मला दुसरं दिसलं नव्हतं.

भाऊंनी झाडाकडे पाहिलं नाही. "जायचं तर तुमी एकट्या जावा. मी हितं बसतो."

मी त्या काळी कोल्हापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांना घेऊन छोट्या पवनचक्क्या बनवत होते. तिवरखोलला मला भाऊंनीच बोलावलं होतं. भाऊ म्हणजे यशवंत मयेकर. एस.टी.त कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, खणखणीत आवाजाचे. गावाच्या सड्यावर अणुवीज केंद्र येणार म्हणून जमिनी जाणार होत्या, आणि गाव भाऊंच्या मागे उभा राहून 'देणार नाही' म्हणत होता. एका बैठकीत प्रकल्पाचा एक अधिकारी हसून म्हणाला होता, "केंद्र नको, मग वीज कुठून आणणार? उदबत्त्या लावणार का?" त्यावर भाऊंनी उठून शब्द दिला होता की मे महिन्यातल्या जनसुनावणीला गावाचा माईक सड्यावरच्या वाऱ्यावर चालेल. "बॅटरी घरून भरून आणाल," असं अधिकारी म्हणाला, तर भाऊंनी "बॅटरीशिवाय चालवू" असंही सांगून टाकलं.

बॅटरीशिवाय हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मी भाऊंना पहिल्याच दिवशी समजावलं. ते म्हणाले, "पटतंय. पण शब्द दिलाय."

अणुऊर्जेबद्दल माझं स्वतःचं मत तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. विरोधकांचे आकडे मला पुष्कळदा ढिले वाटत आणि समर्थकांचा आत्मविश्वास जास्त वाटे. मला वारा मोजायचा होता, तेवढ्यापुरती मी आले होते.

मी गडगा ओलांडला.

घराच्या अंगणात साठीच्या पुढची एक बाई सुकलेल्या काजूबिया सुपात घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली नाही. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"उन्हातून आलात. पाणी देऊ काय?" तिने विचारलं. मी हो म्हणणार तेवढ्यात तिने हात वर केला. "थांबा. आधी सांगते, मग प्या. माझ्या घरचं पाणी जो पितो त्याला गाव पाणी देत नाय. मला वाळीत टाकलंय."

"का?"

"जमिनीचा चेक घेतला म्हणून. सगळ्या गावात मी एकटीनं."

असं सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. मी विचारलं, "का घेतलात?"

तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "वर्ष होत आलं. असं विचारणाऱ्या तुमी पहिल्याच. भांडायला पुष्कळ आले." पण उत्तर काही दिलं नाही. आत जाऊन पाणी घेऊन आली. मी प्यायले. विहीर समुद्राच्या इतकी जवळ असून पाणी गोडं होतं, याचं मला आश्चर्य वाटलं, आणि मी ते बोलून दाखवलं.

"कातळातलं हाय ना," ती म्हणाली. "माझी लेक म्हणते हितल्यासारखं पाणी तिच्या सासरी नाय. पहिलंच बाळंतपण हाय तिचं, वैशाखात. पण सासरचे पाठवत नायत. वाळीत टाकलेल्या घरी सून कशी धाडायची, म्हणतात. बरोबरच हाय त्यांचं. उद्या अडली तर डोली उचलायला हितं कोण येईल?"

तिचं नाव द्वारका मयेकर. आडनाव ऐकून मी गडग्याकडे पाहिलं. भाऊ पाठमोरे बसले होते.

"माझा दीर," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं त्याला. तुमचं ते भिरभिरं कुठं लावायचंय?"

तीन वाट्यांचं ते यंत्र आम्ही दोघींनी मिळून भेंडीजवळ उभं केलं. पाइप तिने धरला, मी ताणाच्या दोऱ्या बांधल्या. वाट्या फिरू लागल्या तशी ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली. वाट्याच का, पंखा का नाही, असं तिने विचारलं. वाट्यांना कुठल्याही दिशेचा वारा चालतो, यंत्र वळवावं लागत नाही, हे मी सांगितलं. "म्हणजे ह्याला सगळीकडचं सारखं," ती म्हणाली.

संध्याकाळी भाऊंच्या ओटीवर मी सरळ सांगितलं की मी द्वारकाबाईंकडे पाणी प्यायले आहे. आत भाऊंच्या बायकोचा भांड्यांचा आवाज थांबला.

"पाव्हण्याला नियम नाय," भाऊ म्हणाले. "जेवा तुमी."

"त्या तुमच्या वहिनी आहेत, हे सांगितलं नाहीत."

"वाऱ्याला त्याचा काय उपयोग?"

कुळथाची पिठी आणि भात वाढताना त्यांच्या बायकोने हळूच विचारलं, "कशी हायत त्या?" भाऊ म्हणाले, "तिला मोजायला नव्हत्या गेल्या बाई." पण मी उत्तर दिलं तेव्हा त्यांनी घास हातातच धरून ठेवला होता.

यंत्र पुरेसे दिवस चाललं, तेव्हा देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. गावातले बाप्ये सगळे आले. खालच्या मोहल्ल्यातून इस्माईलभाई भाटकर आले होते. त्यांच्या दोन मच्छीमार नौका होत्या, केंद्राच्या गरम पाण्याने मासळी जाईल या काळजीने ते सुरुवातीपासून भाऊंबरोबर होते, आणि पवनचक्कीचा खांब उभारायला लागणारे दोर, कप्प्या त्यांच्याच येणार होत्या.

मी चार ठिकाणचे आकडे सांगितले. सगळ्यांत चांगली जागा भेंडीजवळची. तिथं वारा दुसऱ्या क्रमांकाच्या जागेपेक्षा सव्वापट.

मग भाऊ म्हणाले, "दुसऱ्या नंबरची जागा धरा. सव्वापटीनं काय बिघडतं? पंखा थोडा मोठा करू."

"सव्वापट वारा म्हणजे सव्वापट ताकद नाही. वारा दुप्पट झाला की ताकद आठपट होते. सव्वापट झाला की जवळजवळ दुप्पट. भेंडीजवळ माईक चालेल. दुसऱ्या जागेवर बॅटरीशिवाय नुसती खरखर येईल."

"थोडासा वारा वाढला की नौका अंगावर का येते, ते आज समजलं," इस्माईलभाई म्हणाले. "मग उभी करा की भेंडीपाशी. अडचण काय?"

"अडचण तुमाला माहीत हाय," कुणीतरी म्हणालं.

"मला माहीत आहे. पण वाऱ्याला कुणी सांगितलं नाही वाटतं. तो रोज तिच्याकडे जातो, त्याला पण टाका वाळीत."

दोघे-तिघे हसले. भाऊ हसले नाहीत. ते मला म्हणाले, "तुमीच विचारा तिला. तुमाला जाता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं. द्वारकाबाई विहिरीवर कळशी भरत होत्या. दोर ओढायच्या थांबल्या.

"माझ्याकडचा वारा चालतो, पाणी नाय चालत?"

मी पुढे होऊन दोराला हात लावला.

"यशवंताला सांगा, जागा हवी तर येऊन विचार. दुसऱ्याच्या तोंडून नको."

हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. भाऊ दोन दिवस गडग्याकडे फिरकले नाहीत. इकडे कोल्हापूरहून पंख्याची पाती आणि जनरेटर येऊन शाळेच्या पडवीत पडले होते, सुनावणीची तारीख वर्तमानपत्रात आली होती. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर भाऊ मला म्हणाले, "चला बाई." वाटेत ते स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. गडग्यापाशी आल्यावर ते थांबले आणि त्यांनी हाक मारली. एस.टी.च्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज होता, पण हाक मात्र हळू आली. "वहिनी."

द्वारकाबाई आल्या आणि गडग्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. मी गडग्याच्या मोडक्या भागावर बसले होते, म्हणजे दोघांच्या मध्येच.

"बारीक झालास," त्या म्हणाल्या.

"तू पण. ऐक वहिनी, सरळ बोलतो. चेक परत कर. देवळात ये, चुकलं म्हणून नारळ ठेव. गाव तुला घेईल, मी बघतो. पोरीला पण आणता येईल. मग पवनचक्की..."

"काय चुकलं?"

"देवीसमोर शपथ झाली गावाची. कुणी जमीन द्यायची नाय, चेक घ्यायचा नाय. ती मोडलीस तू."

"मी कधी घेतली शपथ?"

भाऊ जरा अडखळले. "घरटी एक नारळ ठेवला. तुझ्या घराचा मी ठेवला. दादा गेला, मग मीच ठेवणार. दोन नारळ घेऊन गेलो होतो मी, सगळ्यांनी बघितलंय."

"मला विचारलंस?"

"बायकांना कुणालाच नाय विचारलं. माझ्या बायकोला पण नाय विचारलं. रीत नाय तशी."

"सायबानं विचारलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "कचेरीत बोलावलं, माझं नाव घेतलं. तुझ्या भावाची बायको म्हणून नाय, द्वारका म्हणून. खुर्ची दिली. म्हणाला, बाई, जमीन तुमच्या नावावर हाय, तुमाला द्यायची हाय की नाय? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. बापानं लग्नाचं विचारलं नाय, तुझ्या भावानं मुंबई सोडताना विचारलं नाय."

"म्हणून हो म्हणालीस?"

"म्हणून विचार केला. आणि मग हो म्हणाले. मी एकटी हाय, गुडघे गेलेत, हितून उतरून जायचं तर कधीतरी जायला लागेलच. तू आधी विचारलं असतंस तर कदाचित तुझ्याजवळ नाय म्हणाले असते. ठाऊक नाय. विचारलं नायस."

समुद्राकडून वारा येत होता. द्वारकाबाईंचा पदर सारखा उडत होता आणि त्या तो सावरत नव्हत्या.

"एष्टीच्या थांब्याजवळ बोर्ड लावलास तू," त्या पुढे म्हणाल्या. "काय लिवलंय त्यावर? मला वाचता येतं थोडं."

तो बोर्ड मी आल्या दिवशीच वाचला होता. 'आम्हाला न विचारता आमचा निर्णय करणारे तुम्ही कोण?' लाल अक्षरं होती, शब्द भाऊंचे होते.

भाऊ गडग्यावर हात टेकून उभे राहिले. मला वाटलं ते परत फिरतील. ते म्हणाले, "बरं. आता विचारतो. वहिनी, तुझ्या जागेत गावाची पवनचक्की उभी करू काय?"

द्वारकाबाईंनी पाठीमागच्या भेंडीकडे बघितलं, माझ्या भिरभिऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाय."

मी चमकले. लेकीचं बाळंतपण, डोली, सगळं त्या एका शब्दावर होतं, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

भाऊंचा चेहरा आधी लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हणाले, "बरं. नाय तर नाय." आणि पाय उचलून त्यांनी गडगा ओलांडला. साठी उलटलेला माणूस, धोतर चिऱ्याला अडकलं, ते त्यांनी सोडवलं आणि अंगणात जाऊन पायरीवर बसले.

"पाणी दे," ते म्हणाले.

"यशवंता, सुनावणी आलीय तोंडावर. तुला बाहेर काढतील."

"तहान लागलीय. दे."

ते दोन तांबे पाणी प्यायले. दुसरा तांब्या त्यांनी हळूहळू संपवला.

त्याच संध्याकाळी त्यांनी देवळाची घंटा वाजवून गाव गोळा केला आणि मी वहिनीच्या हातचं पाणी प्यालो, नियमाप्रमाणे मलाही टाका, असं सांगितलं. गलका झाला. पुढारी वाळीत टाकून सुनावणीला जायचं कसं, हे कुणाला कळेना. एक म्हातारा मानकरी म्हणाला की भाऊंनी दंड भरावा आणि विषय मिटवावा. भाऊ म्हणाले, "दंडाचं नंतर. आधी शपथ चुकली हाय ती नव्यानं घ्या. अर्ध्या गावाला न विचारता घेतलेली हाय."

"बायकांना विचारायचं?" गुरव म्हणाला. "एकेकीला?"

"एकेकीला."

"आणि नाय म्हणाल्या तर?"

"तर तसं कळेल."

पुढचे दोन दिवस देवळात जे चाललं तसं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. बायका पहिल्यांदा आल्याच नाहीत, मग घोळक्याने आल्या आणि सभामंडपाच्या बाहेर उभ्या राहिल्या. गुरवाने पहिल्या बाईला विचारलं तेव्हा तिने सवयीने नवऱ्याकडे बघितलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "त्याच्याकडे काय बघतेस, त्याला गेल्या वर्षी विचारून झालंय." त्यानंतर हसू फुटलं आणि मग बोलणं सुरू झालं. गुरवाला निम्म्या बायकांची नावं माहीत नव्हती. एकीने आपलं माहेरचं नाव सांगितलं आणि तिचा नवरा म्हणाला, "हे कधी ठेवलं?"

सगळ्याजणी विरोधात नव्हत्या. एकीला मुलगा केंद्रात कामाला लागावा असं वाटत होतं, आणि तिने ते देवीसमोर सांगितलं. एक जण म्हणाली की जमीन कसून तिच्या कमरेचा काटा ढिला झालाय, जमीन गेली तर तिला बरंच वाटेल. भाऊंच्या बायकोने नारळ उचलला, पण ठेवण्याआधी नवऱ्याला म्हणाली, "हा माझा. मागचा तुमचा होता." भाऊंनी मान हलवली. नारळांची रास पहिल्यापेक्षा लहान झाली. मानकरी म्हणाला, "बघ यशवंता, जोर कमी झाला गावाचा." भाऊंना ते लागलं होतं, हे मला दिसलं.

शेवटी द्वारकाबाई आल्या. खूप दिवसांनी त्या देवळाच्या पायऱ्या चढत होत्या. गुरवाने विचारलं, जमीन देणार की नाही?

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

गावाला उद्यापर्यंत थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नारळ आणला नाही. "मी सायबाला हो म्हटलंय," त्या म्हणाल्या. "शब्द फिरवणार नाय. चेक घेतला तो घेतला. पण जमीन अजून माझ्याच ताब्यात हाय, आणि तोपर्यंत वारा पण माझा. पवनचक्की लावा. त्या दिवशी नाय म्हणाले कारण नाय म्हणून बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?" गुरवाने विचारलं.

"त्यानंतर काय होतं ते."

तिला परत वाळीत ठेवावं असं म्हणणारे दोघे-चौघे होते. पण आता ज्या बायका नारळ न ठेवता घरी गेल्या होत्या, त्यांचं काय करायचं हे त्यांना सांगता येईना. सायबाला हो म्हणणारी बाई गावाच्या आतच राहिली.

खांब उभारायला सगळे गडगा ओलांडून आले. इस्माईलभाईंनी दोर लावले, नौका ओढायच्या तालावर खांब उभा केला आणि वर हात झटकून म्हणाले, "आमची मासळी वाचली तर हिच्या काजूला खत म्हणून पहिली टोपली." वैशाखात लेक आली. डोलीची गरज पडली नाही, पण चार जण दोन दिवस अंगणात बसून होते.

सुनावणीचा मांडव सड्याच्या मधोमध घातला होता. टेबलामागे प्रशासनाचे लोक, प्रकल्पाचे अधिकारी, एक इंजिनिअर. त्यांच्या माईकसाठी मांडवामागे डिझेलचा जनरेटर घरघरत होता. आमची वायर भेंडीपासून गडग्यावरून मांडवापर्यंत आणली होती. कार्यक्रम अकराला सुरू झाला. मी भाऊंना आधीच सांगितलं होतं की उन्हाळ्यात जमिनीवरचा वारा आणि समुद्रावरचा वारा यांच्या मध्ये सकाळी एक मेलेली वेळ असते. ती नेमकी तीच होती. भाऊ माईकपुढे उभे राहिले, आणि पंखा हलला नाही. टेबलामागचे काही जण हसले. भाऊ माईकपुढेच उभे राहिले. मांडवातली माणसं पदराने, कागदाने वारा घेत बसली होती. मग समुद्राकडून पहिली झुळूक आली, पाती कण्हली आणि फिरायला लागली. मी वीज किती येते ते दाखवणाऱ्या पेटीवरचा काटा बघत होते. काटा चढला, माईक कुरकुरला, आणि भाऊंचा श्वास सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

"पाठी ऐकायला येतंय?" त्यांनी विचारलं. मांडव हसला. त्यांना लिहून आणलेलं मोठं भाषण करायचं होतं. त्यातलं थोडं बोलून ते थांबले आणि म्हणाले, "हा माईक ज्या जागेवरच्या वाऱ्यानं चाललाय, त्या जागेची मालकीण माझी वहिनी हाय. तिनं तुमचा चेक घेतलाय. तिला तुमाला काय तरी विचारायचंय."

द्वारकाबाई माईकजवळ आल्या. "मी हो म्हटलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ही पवनचक्की उभी करताना मी रोज बघत होते, तेव्हा सुचलं. मला..."

वारा पडला. आवाज मधेच तुटला. प्रकल्पाचे एक अधिकारी आपल्या माईकवरून, तसे सौम्यपणेच, म्हणाले, "बघा बाई. हीच अडचण आहे वाऱ्याची."

द्वारकाबाईंनी मेलेल्या माईककडे पाहिलं आणि त्या बाजूला सरकून पुढे आल्या. भाऊंसारखा आवाज त्यांचा नव्हता, पण मांडव इतका गप्प झाला होता की मागच्या जनरेटरच्या घरघरीतूनही तो पोचला.

"हो, हाय अडचण. आमचं बंद पडलं तर एवढंच होतं. माईक बंद. मला हेच विचारायचं होतं. तुमचं बंद पडलं, बिघडलं, तर काय होतं?"

अधिकाऱ्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. तो तरुण होता, हुशार वाटत होता. तो म्हणाला, "तशी शक्यता फार, फार कमी असते. आम्ही त्याचा पूर्ण हिशोब केलेला आहे."

"किती कमी ते नाय विचारलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "झालं तर काय, ते विचारलं."

इंजिनिअरने समोरचा जाडजूड अहवाल उघडला, काही पानं उलटली. मला त्याच्याविषयी सहानुभूती वाटली. वर्गात मी हे दोन प्रश्न कित्येक वर्षं एकच समजून शिकवत आले होते. त्याने मान वर केली तेव्हा त्याची नजर चुकून माझ्याकडे आली, जणू मी सांगेन. मी पण उत्तराचीच वाट बघत होते.

"यावर आपण जेवणानंतर बोलू," अधिकारी म्हणाले.

"बोला," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी थांबते."

टेबलामागची माणसं उठली. मांडवातले कुणी उठले नाही.